ओळख करून दिल्याची गोष्ट

'टेनेसी वॉल्ट्झ' हे अमेरिकेच्या कंट्री संगीतातले लहानसे गाणे आहे. त्यात घडते ते एवढेच : नाचाच्या रात्री कुणी आपल्या जिवलगाबरोबर वॉल्ट्झ नाचत असते, तिथे एक जुना स्नेही भेटतो, त्याची आणि जिवलगाची ओळख करून दिली जाते, ती दोघे नाचू लागतात आणि नाच संपेपर्यंत जिवलग हातचे गेलेले असते. भांडण नाही, शाप नाही, सूडाची भाषा नाही. ज्याचे गेले तो फक्त ती रात्र आणि त्या वेळी वाजत असलेला सुंदर वॉल्ट्झ आठवत राहतो.

इथे एक गंमत आहे. त्या रात्री जो वॉल्ट्झ वाजत होता, त्याचेही नाव 'टेनेसी वॉल्ट्झ'च. तो अर्थातच हे गाणे नव्हे, कारण हे गाणे त्या रात्रीच्या नंतरचे, तिच्या आठवणीचे. म्हणजे या गाण्याच्या पोटात आणखी एक गाणे आहे आणि ते कुणीही कधी ऐकलेले नाही. टेनेसी या राज्याचेही तसेच. तिथला डोंगर, नदी, गाव यांपैकी काहीच गाण्यात येत नाही. राज्य येते ते केवळ एका चालीच्या नावात.

दुसरी गोष्ट मराठी वाचकाच्या चटकन लक्षात येईल. इंग्रजीत 'मी नाचत होतो' आणि 'मी नाचत होते' यांत फरक नाही. गाणारा पुरुष की स्त्री हे शब्दांवरून कळत नाही. स्नेह्याचा उल्लेख करणारे एखादे सर्वनाम बदलले की गाणे या गळ्यातून त्या गळ्यात जाते. मराठीत हेच गाणे लिहायला बसले तर पहिल्याच क्रियापदाला निर्णय घ्यावा लागेल. पुढच्या काळात हे गाणे जितक्या वेगवेगळ्या माणसांनी आपले म्हणून गायले, त्याचे थोडेसे श्रेय या व्याकरणाला द्यायला हरकत नाही.

चाल आधीची, शब्द नंतरचे. चाल पी वी किंग याची. हे नाव कमावलेले आहे. जन्मनाव जूलियस फ्रँक अँथनी कुचिन्स्की. जन्म 1914 चा, विस्कॉन्सिनमधल्या पोलिश कुटुंबातला. वडील पोल्का वाजवणारे. मध्य युरोपातून आलेल्या शेतकऱ्यांनी आणि कामगारांनी विस्कॉन्सिनमध्ये पोल्का, माझुर्का आणि वॉल्ट्झ बरोबर आणले होते आणि त्यांच्या लग्नसमारंभांच्या संगीताचा कणा म्हणजे अकॉर्डियन. किंगच्या हातात तेच वाद्य आले. तेव्हा वॉल्ट्झसाठी प्रसिद्ध असलेला वाद्यवृंदप्रमुख वेन किंग याच्यावरून त्याने आडनाव घेतले. 1937 मध्ये त्याचा 'गोल्डन वेस्ट काउबॉइज' हा ताफा नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या रेडिओ कार्यक्रमात दाखल झाला. ऑप्री म्हणजे फिडल आणि बँजो यांचे, डोंगराळ दक्षिणेचे देऊळ. तिथे उत्तरेकडचा हा पोलिश पोरगा अकॉर्डियन गळ्यात अडकवून उभा राहिला. काउबॉयची टोपी आणि झगझगीत कपडे होते, पण ज्या मातीतून त्याचे सूर आले होते तिथे गुराखी नव्हतेच. टेनेसीचे म्हणून जगाने ओळखलेले गाणे असे बाहेरून आलेल्या माणसाच्या चालीवर उभे आहे.

किंगच्या ताफ्यात फिडल वाजवणारा आणि गाणारा रेड स्ट्युअर्ट मात्र अस्सल टेनेसीचा, नॅशव्हिलजवळच्या ॲशलंड सिटीचा. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात जाऊन परतलेला. किंगकडे एक वॉल्ट्झची धून होती. कार्यक्रमात ती वाजवली जाई, पण तिला शब्द नव्हते आणि नावही नव्हते, म्हणून तिचे नाव 'नो नेम वॉल्ट्झ', म्हणजे बिननावाचा वॉल्ट्झ, असेच पडले होते.

पुढचा प्रसंग किंगने अनेकदा सांगितलेला आहे. 1946 साल. ताफ्याचे सामान वाहणाऱ्या ट्रकमधून दोघे नॅशव्हिलकडे परतत होते. रेडिओवर बिल मनरो याचा 'केंटकी वॉल्ट्झ' लागला. तेव्हा तो गाजत होता. स्ट्युअर्टच्या मनात आले, केंटकीवर वॉल्ट्झ आहे, मग टेनेसीवर का नसावा? चाल हाताशी होतीच. स्वयंपाकघरात असते तशी मोठी काडेपेटी उलगडून तिच्या आतल्या कोऱ्या पुठ्ठ्यावर स्ट्युअर्टने शब्द लिहिले. अशा जन्मकथांवर जरा जपूनच विश्वास ठेवावा; गाणी गाजली की त्यांच्या काडेपेट्या आणि सिगारेटची पाकिटे सापडू लागतात. पण गाण्याचे मूळ दुसऱ्या एका गाण्याच्या हेव्यात आहे, एवढे मात्र गाण्यावरूनही पटते. शेजारच्या राज्याकडे आहे ते आपल्याकडेही हवे, यापलीकडे टेनेसीचा त्यात काही संबंध नव्हता.

गाणे 'ॲकफ-रोझ' या नॅशव्हिलच्या प्रकाशनसंस्थेकडे गेले. गायक रॉय ॲकफ आणि गीतकार फ्रेड रोझ यांनी ती 1942 मध्ये काढली होती. अमेरिकेत गाण्याचा प्रकाशक म्हणजे केवळ स्वरलिपी छापणारा नव्हे. गाण्याचा हक्क सांभाळायचा, ते गायकांपर्यंत पोचवायचे आणि पैसे वसूल करायचे, हे सगळे त्याचे काम. फ्रेड रोझ जुना जाणकार. त्याने एका ठिकाणी नुसतीच नावाची पुनरावृत्ती होती ती काढून आठवणीचा उल्लेख घातला. दुरुस्ती बारीक, पण गाण्याचा सगळा भार आज त्या आठवणीवरच आहे. 

ध्वनिमुद्रण झाले डिसेंबर 1947 मध्ये, आर.सी.ए. व्हिक्टर कंपनीसाठी. त्या महिन्यात अमेरिकेतले सगळेच स्टुडिओ रात्रंदिवस चालू होते, कारण वादकांच्या संघटनेने 1 जानेवारी 1948 पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार जाहीर केला होता आणि कंपन्या वर्षभराची बेगमी करत होत्या. त्या घाईत स्ट्युअर्टच्या आवाजात 'टेनेसी वॉल्ट्झ' तबकडीवर उतरला. 1948 मध्ये तो कंट्रीच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत बराच वर चढला. त्याच सुमारास काउबॉय कोपस याचीही तबकडी बाजारात आली आणि तीही चालली. हा कोपस पूर्वी किंगच्याच ताफ्यात गात असे. त्याची कंपनी सिनसिनाटीची, तिचे नाव 'किंग रेकॉर्ड्स'. पी वी किंगचा तिच्याशी संबंध नाही. या गाण्याच्या इतिहासात किंग फार आहेत. पुढे आणखी एक येईल.

दोन वर्षे गाणे कंट्रीच्या वर्तुळात फिरत राहिले. बरे चालले आणि मग, अशी गाणी जातात तसे, मागे पडू लागले.

मागे पडत असलेले हे गाणे उचलले अर्स्किन हॉकिन्सने. हॉकिन्स म्हणजे अलाबामाचा कृष्णवर्णीय ट्रम्पेटवादक, 'टक्सिडो जंक्शन' ही त्याच्या वाद्यवृंदाची जुनी गाजलेली रचना. 1950 मध्ये त्याच्या वाद्यवृंदाने 'टेनेसी वॉल्ट्झ' ब्लूजच्या अंगाने वाजवला. दक्षिणेतल्या गोऱ्यांचे गाणे आणि कृष्णवर्णीयांचा वाद्यवृंद, ही जोडी दुकानांच्या फळ्यांवर वेगळी ठेवली जात होती; ऐकणाऱ्यांच्या कानांत ती तितकी वेगळी कधीच नव्हती. हॉकिन्सची तबकडी 'बिलबोर्ड' या व्यवसायपत्रिकेत काम करणाऱ्या जेरी वेक्सलरने ऐकली. कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या यादीला असलेले 'रेस रेकॉर्ड्स' हे नाव काढून 1949 मध्ये 'रिदम अँड ब्लूज' हे नाव आणणारा तोच वेक्सलर. त्याने जॅक रेएल या परिचिताला सांगितले, हे गाणे तुझ्या मुलीला दे. 'तुझी मुलगी' म्हणजे रेएल जिचे काम पाहत असे ती गायिका, पॅटी पेज.

पेजचे खरे नाव क्लारा ॲन फाउलर. 1927 मध्ये ओक्लाहोमात जन्म, अकरा भावंडांचे गरीब घर. टल्साच्या रेडिओवर एका दूध कंपनीने पुरस्कृत केलेला कार्यक्रम होता. कंपनीचे नाव पेज, म्हणून कार्यक्रमातल्या गायिकेचे नाव 'पॅटी पेज'. आधीची गायिका गेली आणि ते नाव क्लाराला मिळाले. पुढे ती ते नाव घेऊन निघाली. इतरांकडून आलेले नाव, इतरांकडून आलेले गाणे; तरी दोन्ही तिचेच झाले, याला कारण तिचा आवाज. तो आवाज दणकट नव्हता, ठसकेबाजही नव्हता. मऊ, सरळ आणि उगाच भाव न खाणारा आवाज.

आणि तिच्याकडे एक युक्ती होती. 1947 च्या शेवटी 'कन्फेस' नावाचे गाणे करताना साथीला दुसरा आवाज हवा होता. त्याला खर्च करायची कंपनीची तयारी नव्हती, असे पुढे सांगितले जाई. मग तिनेच एकदा गाऊन ते तबकडीवर घेतले आणि ती तबकडी वाजत असताना दुसऱ्यांदा स्वतःच्याच साथीला गाऊन दोन्ही आवाज एकत्र दुसऱ्या तबकडीवर घेतले. प्रत्येक नकलेत खरखर वाढते, म्हणून हे काम कष्टाचे. नंतर टेप आल्या आणि ते सोपे झाले. एका गाण्यात तर तिने चार आवाज गायले. लोकांना तो चमत्कार वाटला, कंपनीला जाहिरातीचा मुद्दा मिळाला. 

'टेनेसी वॉल्ट्झ'मध्ये मात्र ही युक्ती युक्ती राहिली नाही. जिवलगही गेले, स्नेहीही गेला. गाणाऱ्याजवळ आता कुणी नाही. अशा माणसाच्या सुरात सूर मिळवायला त्याचाच आवाज येतो. पेजचा एक आवाज गोष्ट सांगतो आणि दुसरा त्याच्याशी जराही भांडण न करता बाजूने चालत राहतो, पायाखालच्या सावलीसारखा. हा परिणाम ठरवून साधलेला असेल असे वाटत नाही. ती त्या काळातली तिची नेहमीची पद्धत होती. पण शब्द आणि तंत्र यांची इतकी नेमकी गाठ क्वचित पडते, आणि शेकडो गायकांनी गाऊनही हे गाणे म्हटले की पेजचाच आवाज कानात येतो, त्याचे कारण बहुधा इथे आहे.

नोव्हेंबर 1950. मर्क्युरी कंपनीला नाताळसाठी तबकडी हवी होती. मुख्य बाजूचे गाणे ठरलेले होते, 'बूगी वूगी सांता क्लॉज'. मागच्या बाजूला काहीतरी हवे म्हणून 'टेनेसी वॉल्ट्झ'. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकडीला पाठ असतेच आणि ती भरावी लागते, एवढाच त्याचा मान. पण रेडिओवाल्यांनी आणि ग्राहकांनी तबकडी उलटी केली. डिसेंबरच्या अखेरीस गाणे बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचले आणि फेब्रुवारीपर्यंत तिथेच राहिले. कंट्रीच्या यादीतही ते वर गेले, म्हणजे जिथून आले होते त्या घरातही पाहुणे म्हणून वरच्या पाटावर बसले. नाताळ उलटल्यावर सांता क्लॉजला कोण विचारतो? पुढच्या प्रतींवर त्याच्या जागी दुसरे गाणे छापले गेले. खप दहा लाखांच्या कितीतरी पुढे गेला.

तो हिवाळा कोरियाच्या युद्धाचा होता. चिनी फौजा उतरल्या होत्या, अमेरिकेतली घरे पुन्हा एकदा मुलांना निरोप देत होती. महायुद्ध संपून पाच वर्षे झाली होती. नाचाची रात्र, हातातून सुटलेले माणूस आणि कुणावरही राग नाही, असे गाणे तेव्हा घराघरांत वाजले. त्याच महिन्यांत लेस पॉल आणि मेरी फोर्ड, जो स्टॅफर्ड, गाय लोम्बार्डो, अशा कितीतरी जणांनी आपापल्या तबकड्या काढल्या. स्पाइक जोन्सने तर विडंबन काढले. विडंबन निघाले की गाणे सर्वतोमुखी झाले असे समजावे.

दुसऱ्याचे गाणे पुन्हा गाण्याला तिकडे 'कव्हर' म्हणतात. आज या शब्दात मानवंदनेचा वास आहे. तेव्हा तो निव्वळ बाजाराचा शब्द होता. एका कंपनीचे गाणे चालू लागले की दुसऱ्या कंपनीने तेच गाणे आपल्या गायकाकडून गाऊन घ्यायचे आणि गिऱ्हाईक दुकानाबाहेर जाण्याआधी गाठायचे. गाण्याला चेहरा नंतर चिकटला. 1950 मध्ये लोक दुकानात जाऊन गाणे मागत, कुणाचे ते दुकानदार ठरवी.

हे शक्य होते 1909 च्या अमेरिकी कॉपीराइट कायद्यामुळे. तेव्हा भीती होती ती स्वयंचलित पियानोची. भोके पाडलेल्या कागदाच्या गुंडाळीवर चालणारे हे पियानो बनवणारी एक मोठी कंपनी प्रकाशकांशी करार करून सगळी गाणी आपल्याच ताब्यात घेईल, असे अमेरिकेच्या काँग्रेसला, म्हणजे संसदेला, वाटले. म्हणून तोड काढली गेली : रचनाकाराच्या संमतीने एकदा गाणे यंत्रावर आले की पुढे कुणीही ते पुन्हा मुद्रित करावे, फक्त प्रतीमागे 2 सेंट द्यावेत. पियानोच्या गुंडाळ्या अडगळीत गेल्या, पण 2 सेंटचा हा दर 1978 पर्यंत तसाच राहिला. त्या 2 सेंटांतला अर्धा वाटा साधारणपणे प्रकाशकाचा आणि अर्धा रचनाकारांचा. 

तेव्हा पी वी किंगचे गाणे पॅटी पेजने पळवले असे म्हणणे आकर्षक असले, गाण्याच्या गोष्टीशी फार छान जुळत असले, तरी हिशेबाच्या वहीत ते टिकत नाही. किंग आणि स्ट्युअर्ट यांना पेजच्या प्रत्येक प्रतीमागे पैसे मिळाले, जो स्टॅफर्डच्या आणि स्पाइक जोन्सच्याही. स्वतःच्या तबकडीने त्यांना जे कधी मिळाले नसते ते पळवापळवीने मिळाले. शिवाय किंग स्वतःही या व्यवहारात भोळा नव्हता. चिल्टन प्राइस ही लुइव्हिलच्या रेडिओ केंद्रावर ग्रंथालय सांभाळणारी बाई गाणी लिहीत असे. 'स्लो पोक' आणि 'यू बिलाँग टु मी' ही तिची गाणी जगाला माहीत झाली, तेव्हा त्यांवर रचनाकार म्हणून किंग आणि स्ट्युअर्ट यांचीही नावे होती. गाणी लोकांपर्यंत नेण्याचा तो मोबदला होता.

खरी खोट कुठे असेल तर ती हॉकिन्सच्या वाट्याला. कायदा शब्द आणि चाल राखत होता, वादनाची बांधणी राखत नव्हता. योगायोगाने त्याच 1950 मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयापुढे असाच दावा आला होता. 'अ लिटल बर्ड टोल्ड मी' हे पॉला वॉटसन या कृष्णवर्णीय गायिकेचे गाणे एका बड्या कंपनीने एव्हलिन नाइट या गोऱ्या गायिकेकडून जवळजवळ तसेच गाऊन घेतले, अशी लहान कंपनीची तक्रार होती. न्यायाधीशांनी निकाल दिला की अशा बांधणीवर कुणाची मालकी नसते. पेजने हॉकिन्सची बांधणी उचलली असे कुणी म्हणत नाही. परंतु हे गाणे कंट्रीच्या बाहेर नेता येते हे ज्याने प्रथम करून दाखवले, ज्याच्या तबकडीमुळे वेक्सलरने तोंड उघडले, त्याला त्या हिवाळ्यातून मिळायचे काहीच नव्हते. ओळख करून देणाऱ्याचे काय होते, हे गाण्यातच लिहिलेले आहे.

ॲकफ-रोझचे मात्र दिवस पालटले. नॅशव्हिलच्या गाण्यातून न्यूयॉर्कमध्ये एवढा पैसा निघतो हे दोन्ही शहरांना प्रथमच कळले. फ्रेडचा मुलगा वेस्ली रोझ कंट्री गायक हँक विल्यम्सची गाणी घेऊन न्यूयॉर्कच्या कंपन्यांकडे गेला आणि 1951 मध्ये 'कोल्ड, कोल्ड हार्ट' हे विल्यम्सचे गाणे टोनी बेनेटच्या आवाजात पहिल्या क्रमांकावर गेले. खेडवळ म्हणून नाक मुरडले जाणारे संगीत देशभराच्या दिवाणखान्यात आले ते या दारातून.

वॉल्ट्झ म्हणजे तीन मात्रांचा झुलता ठेका, पहिलीवर वजन आणि पुढच्या दोन हलक्या. आपल्याकडे दादऱ्याच्या अंगाने जाणारी चाल ऐकणाऱ्याला हा झोका परका वाटत नाही. या गाण्याचा प्राणच तो. पण 1964 मध्ये सॅम कुकने तोच काढून घेतला. कुक गॉस्पेलमधून आलेला, सोल संगीताचा आद्य पुरुष. त्याने चार मात्रांचा धावता ठेका धरला, पितळी वाद्ये घातली आणि दुःखाच्या गाण्याला टाळ्या वाजवायला लावल्या. ज्या वॉल्ट्झची आठवण काढायची त्यात वॉल्ट्झच उरला नाही. ज्या संग्रहात हे गाणे आहे त्याच 'एन्ट दॅट गुड न्यूज'मध्ये 'अ चेंज इज गॉना कम' हे नागरी हक्कांच्या लढ्याशी कायमचे जोडले गेलेले गाणेही आहे. हॉटेलात जागा नाकारली गेल्याच्या अपमानातून आलेले ते गाणे आणि दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या नाचघराचे हे गाणे, एकाच तबकडीवर, एकाच गळ्यात. कुकच्या आवाजात जिवलग गमावल्याचा शोक फारसा ऐकू येत नाही. गाणे आता माझ्या ताब्यात आहे, असा काहीसा मिश्कील आनंद ऐकू येतो. न्यूयॉर्कच्या 'कोपाकबाना' क्लबात बहुतांशी गोऱ्या श्रोत्यांसमोर त्याने ते गायले आणि त्या कार्यक्रमाच्या तबकडीतही ते आहे. त्याच डिसेंबरात त्याचा गोळी लागून अंत झाला.

पुढच्या वर्षी, 1965 मध्ये, टेनेसीच्या विधिमंडळाने 'टेनेसी वॉल्ट्झ'ला अधिकृत राज्यगीताचा दर्जा दिला. हे त्या राज्याचे चौथे राज्यगीत. बाकीच्या गीतांत भूमीची थोरवी वगैरे व्यवस्थित आहे. यात फक्त एक फसलेली रात्र. तरी लोकांना पाठ आहे ते हेच. 

आणखी एका वर्षाने, 1966 मध्ये, ते खऱ्या अर्थाने टेनेसीत परतले. राज्याच्या दुसऱ्या टोकाला, मेम्फिस शहरात, स्टॅक्स कंपनीच्या जुन्या चित्रपटगृहातल्या स्टुडिओत सोल गायक ओटिस रेडिंगने ते मुद्रित केले. कुकचा रेडिंगवर मोठा प्रभाव, पण रेडिंगने वेग घेतला नाही. तो गाणे ओढत, अडखळत, शब्द तोडत गातो. पेजने जो राग कधी येऊच दिला नाही तो इथे थोडा दिसतो. ज्यांना हे गाणे फार गुळमट वाटते त्यांनी रेडिंगपासून सुरुवात करावी.

पुढे गाणे जगभर गेले आणि सगळ्यांची नावे सांगण्यात अर्थ नाही. 1970 मध्ये अंतोनियोनी या इटालियन दिग्दर्शकाने 'झाब्रिस्की पॉइंट'मध्ये वाळवंटातल्या एका उजाड गुत्त्यात पेजचा आवाज वाजवला. एक आख्खी अमेरिका धूळ खात बसली आहे असे तिथे वाटते. कॅनडाच्या लेनर्ड कोहेन या कवी-गायकाने 1985 मध्ये स्वित्झर्लंडच्या माँत्र महोत्सवात ते गायले आणि स्वतःचे एक कडवे जोडले. ते मुद्रण 'डियर हेदर' या 2004 च्या संग्रहाच्या शेवटी आहे. कोहेनने किशोरवयात माँट्रियलमध्ये कंट्रीच्या धाटणीची एक संगीतमंडळी काढली होती, तेव्हा हे त्याचे पाहुणेपण नव्हते. 1995 मध्ये आयर्लंडच्या 'चीफटन्स'नी टॉम जोन्सला घेऊन ते गायले आणि त्याला एक माझुर्का जोडून दिला. विस्कॉन्सिनच्या पोलिश वस्तीतून निघालेल्या चालीला आयरिश वादकांनी नकळत तिचे जुने नातलग भेटवले. पंडित रविशंकर यांची कन्या नोरा जोन्स हिनेही ते आपल्या मैफलींत गायले आहे, पियानोवर, पुन्हा संथपणे.

या सगळ्यांहून लांबचा आणि खोल गेलेला प्रवास जपानचा आहे.

युद्धानंतर अमेरिकी सैन्य जपानमध्ये होते आणि त्यांच्या तळांवरच्या क्लबांना गाणारी माणसे हवी होती. पडक्या, उपाशी तोक्योत त्या कामाला पैसे आणि खाणे मिळे. 1937 मध्ये जन्मलेली एक मुलगी लहान वयातच तळांवर गाऊ लागली. कलावंतनाव चिएमी एरी. इंग्रजी शब्द ती कानाने टिपत असे. जानेवारी 1952 मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, तिची पहिली तबकडी निघाली : 'टेनेसी वॉल्ट्झ', काही ओळी इंग्रजीत, काही जपानीत. कंपनी तोक्योची 'किंग रेकॉर्ड्स'. आणखी एक किंग, आणि सिनसिनाटीच्या किंगशी याचाही संबंध नाही. तीन महिन्यांनी, एप्रिलमध्ये, अमेरिकेचा ताबा औपचारिकपणे संपला. जेत्यांच्या तळावर शिकलेले गाणे ताबा संपण्याच्या वर्षी जपानच्या घराघरांत पोचले आणि तिथलेच झाले. इतके की तिथल्या पुढच्या पिढ्यांसाठी ते अमेरिकन गाणे नसून चिएमी एरीचे गाणे आहे. तिच्या आवाजात पेजची सफाई नाही. परक्या भाषेतून स्वतःच्या भाषेत येताना सूर किंचित जाड होतो, आणि तेच हवेहवेसे वाटते.

1959 मध्ये तिने केन ताकाकुरा या नटाशी लग्न केले. पुढे तो जपानी चित्रपटातला अबोल, ताठ कण्याच्या पुरुषाचा चेहरा झाला. 1970 मध्ये त्यांचे घर जळाले, नात्यातल्या एका माणसाने पैशांत मोठी फसवणूक केल्याने एरी कर्जात बुडाली आणि 1971 मध्ये दोघे वेगळे झाले. ती गात राहिली, कर्ज फेडत राहिली. फेब्रुवारी 1982 मध्ये राहत्या घरी एकटीच असताना ती गेली. वय 45. ताकाकुराने पुन्हा लग्न केले नाही.

1999 मध्ये दिग्दर्शक यासुओ फुरुहाता याचा 'पोप्पोया' आला. जिरो असादा याच्या कथेवरचा हा चित्रपट. होक्काइदोच्या बर्फात, बंद पडायला आलेल्या खाणीच्या गावात, लोहमार्गाच्या फाट्यावरचे शेवटचे स्टेशन. निवृत्तीला आलेला स्टेशनमास्तर. त्याची मुलगी तान्हेपणीच गेली, नंतर बायकोही गेली. दोन्ही वेळा तो कामावर होता, हिरवा बावटा धरून फलाटावर उभा. स्टेशनमास्तरच्या कामात ताकाकुरा, वय 68. बायकोच्या कामात शिनोबु ओताके. चित्रपटात वारंवार येणारी धून 'टेनेसी वॉल्ट्झ'ची आहे. ताकाकुरा ती गात नाही. स्टेशनमास्तरला आठवणारी बायको घरात वावरताना ती गुणगुणते.